नवजात बाळाची फिजिओथेरपी तपासणी : नेमकं काय बघतात, कशासाठी बघतात आणि आई-बाबांना काय माहीत हवं?

‘अवघ्या दोन दिवसांचं बाळ चालायला लागलं!’ असा मथळा असलेला एखादा रील तुमच्याही मोबाइलवर आलाच असेल. नर्सच्या हातात उभं धरलेलं इवलंसं बाळ, पायाखाली टेबल आणि एकापाठोपाठ एक टाकलेली पावलं. खाली हजारो कमेंट्स : ‘कलियुग’, ‘चमत्कार’, ‘मागच्या जन्माचं पुण्य’.

चमत्कार वगैरे काही नाही. जवळपास प्रत्येक निरोगी नवजात बाळ असं करतं. तळवे टणक पृष्ठभागाला टेकले आणि बाळाला किंचित पुढे झुकवलं, की पावलं आपोआप उचलली जातात. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. साधारण दोन महिन्यांनी ती दिसेनाशी होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एस्थर थेलन यांनी १९८४ साली एक गमतीशीर गोष्ट दाखवून दिली. ज्या बाळांची ही ‘चाल’ कमी झाली होती, त्यांना कमरेपर्यंत पाण्यात धरलं तर पावलं पुन्हा वाढली. म्हणजे क्रिया हरवलेली नव्हती. पाय गुबगुबीत होऊन जड झाले होते आणि ते उचलण्याइतकं बळ अजून आलेलं नव्हतं.

रीलमध्ये जो चमत्कार म्हणून दाखवला जातो, तो फिजिओथेरपिस्टच्या तपासणीतला एक छोटासा भाग असतो. ही तपासणी म्हणजे काय, ती कोणाची करतात आणि तिच्यामुळे एखाद्या मुलाचं पुढचं आयुष्य कसं बदलू शकतं, ते समजून घेऊ.

नवजात बाळाला फिजिओथेरपी? ती कशाला?

फिजिओथेरपी म्हटलं की आपल्याला आठवते आजीची गुडघेदुखी किंवा अपघातानंतरचा व्यायाम. पण हालचाल हा ज्या शास्त्राचा विषय आहे, त्याचा संबंध जन्माच्या पहिल्या दिवसापासून येतो. नवजात बाळ बोलत नाही, बोट दाखवत नाही, कुठे दुखतंय ते सांगत नाही. त्याचा मेंदू कसा काम करतोय, हे कळण्याचा एक मोठा मार्ग म्हणजे त्याची हालचाल.

प्रत्येक बाळाला या तपासणीची गरज नसते. जन्मानंतर बालरोगतज्ज्ञ सगळ्याच बाळांना तपासतात आणि बहुतेकांसाठी तेवढं पुरेसं असतं. पुढील बाळांना मात्र सहसा फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं जातं :

- ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेली, विशेषतः ३२ आठवड्यांच्याही आधी आलेली बाळं
- जन्मतः वजन खूप कमी असलेली बाळं
- जन्माच्या वेळी रडायला उशीर झाला, मेंदूला प्राणवायू कमी पडला अशी बाळं
- झटके आलेली, मेंदूत रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग झालेली, कावीळ फार वाढलेली बाळं
- बरेच दिवस एनआयसीयूमध्ये किंवा व्हेंटिलेटरवर राहिलेली बाळं
- पाऊल वाकडं असणं, एक हात न हलणं, मान एकाच बाजूला राहणं अशा तक्रारी असलेली बाळं
- डाउन सिंड्रोमसारखी जन्मजात स्थिती असलेली बाळं

यादीत आपलं बाळ आहे म्हणजे त्याला काही झालंच आहे, असं नव्हे. यातली अनेक मुलं पुढे अगदी नेहमीसारखी वाढतात. यादीचा अर्थ एवढाच, की या बाळांकडे जरा जास्त लक्ष हवं.

पहिला नियम : आधी हात लावायचा नाही

चांगला फिजिओथेरपिस्ट आल्या आल्या बाळाला उचलत नाही. आधी फाइल वाचतो. गर्भारपणात काय झालं, प्रसूती कशी झाली, किती आठवडे पूर्ण झाले होते, वजन किती होतं, मेंदूची सोनोग्राफी किंवा एमआरआय झाला असेल तर त्यात काय दिसलं, हे सगळं नोंदवून घेतो. मग नर्सला आणि आईला विचारतो, की बाळ दूध कसं ओढतं, झोप कशी आहे, हाताळल्यावर काय होतं.

त्यानंतर बघायचं ते बाळाची ‘अवस्था’. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९७३ साली नवजात बाळाच्या वर्तनाची मोजपट्टी तयार केली, तिच्यात सहा अवस्था सांगितल्या आहेत : गाढ झोप, हलकी झोप, पेंग, शांत जागेपण, चळवळं जागेपण आणि रडणं. गाढ झोपेतलं बाळ सैल वाटणार आणि रडणारं बाळ ताठ वाटणार. तेव्हा चुकीच्या वेळी तपासलं तर निष्कर्षही चुकतो. म्हणून तपासणीसाठी दोन दुधांच्या मधली वेळ निवडतात. पोट भरल्या भरल्या हाताळलं तर बाळ दूध काढतं आणि भुकेलं असलं तर रडून गोंधळ घालतं. खोली उबदार हवी, प्रकाश डोळ्यांवर येणारा नको.

फार लवकर जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत आणखी सांभाळावं लागतं. श्वास अडखळणं, रंग बदलणं, बोटं ताणून पसरणं, सतत जांभया, उचक्या, नजर फिरवणं ही ‘आता पुरे’ अशी बाळाची भाषा असते. हे दिसलं की तपासणी थांबवायची. राहिलेला भाग उद्या करता येतो.

बाळ कसं पडलंय, यावरून काय कळतं?

पूर्ण दिवसांचं बाळ पाठीवर ठेवलं की हातपाय आखडून, बेडकासारखं गोळा होऊन पडतं. शेवटच्या आठवड्यांत गर्भाशयात जागा कमी पडते, त्या दाटीतून ही ठेवण आलेली असते. ७ महिन्यांत आलेल्या बाळाला ती दाटी मिळालेलीच नसते. त्याचे हातपाय गादीवर पसरलेले, सैल दिसतात. म्हणून एनआयसीयूमध्ये दुपट्यांची गुंडाळी करून बाळाभोवती घरटं करतात. हातपाय मध्याकडे राहावेत आणि बाळाला कड मिळावी, हा त्यामागचा हेतू.

ठेवण पाहून झाली की हालचाल बघतात. दोन्ही बाजू सारख्या हलतात का? हालचालीत विविधता आहे का, की तेच ते होतंय? मुठी उघडतात का? हात तोंडाकडे जातो का?

स्नायूंचा ताण कसा मोजतात?

आता हात लावायची वेळ. प्रत्येक स्नायूमध्ये विश्रांतीच्या वेळीही थोडा ताण असतो, त्याला ‘टोन’ म्हणतात. तो फार कमी असला तर बाळ चिंधीसारखं लुळं वाटतं, फार जास्त असला तर लाकडासारखं ताठ.

फ्रान्सच्या क्लॉडीन अमिएल-टिसाँ यांच्या पद्धतीत हा ताण कोनांमध्ये मोजतात. आपल्याकडच्या रुग्णालयांतही ही पद्धत बरीच वापरली जाते. उदाहरणार्थ, मांडी पोटाशी नेऊन गुडघा हळूच सरळ केला तर तो किती उघडतो? पहिल्या तीन महिन्यांत हा कोन साधारण ८० ते १०० अंश अपेक्षित असतो. वर्ष पूर्ण होताना तो १५० ते १७० अंशांपर्यंत जातो. बाळ वाढतं तसे सांधे मोकळे होत जातात. तीन महिन्यांच्या बाळात जे योग्य, तेच दहा महिन्यांच्या बाळात ताठरपणाचं लक्षण ठरू शकतं. म्हणून नुसता आकडा कामाचा नाही, तो वयाशी ताडून बघावा लागतो.

दुसरी चाचणी हाताची. बाळाचा हात उपरण्यासारखा गळ्यासमोरून दुसऱ्या खांद्याकडे न्यायचा. पूर्ण दिवसांच्या बाळाचं कोपर छातीच्या मध्यापाशी अडतं. कोपर सहज पलीकडे गेलं तर टोन कमी आहे किंवा बाळ लवकर जन्मलेलं आहे.

मग हात धरून हळूच बसतं करायचं आणि डोकं किती मागे राहतं ते बघायचं. नंतर पोटाखाली तळहात देऊन बाळाला पालथं तरंगतं धरायचं आणि पाठ, मान, हातपाय कसे राहतात ते पाहायचं. या प्रत्येक पायरीला डाव्या-उजव्या बाजूची तुलना असतेच.

आपोआप होणाऱ्या क्रिया

गालाला बोट लागलं की तोंड तिकडे वळतं, तळहातात बोट दिलं की मूठ आवळली जाते, डोकं किंचित मागे सुटलं की बाळ दचकून दोन्ही हात पसरतं आणि पुन्हा जवळ घेतं. यातल्या शेवटच्या क्रियेला मोरो प्रतिक्षेप म्हणतात. ती साधारण ४ ते ६ महिन्यांत मावळते.

फिजिओथेरपिस्ट तीन प्रश्न विचारतो : क्रिया आहे का? दोन्ही बाजूंना सारखी आहे का? आणि जायच्या वेळी गेली का? दचकताना एकच हात उघडला तर गळ्याच्या हाडाला इजा असू शकते किंवा प्रसूतीत खांद्याजवळच्या नसा ताणल्या गेलेल्या असू शकतात. सहा महिने उलटले तरी मोरो जोरात येत असेल, तर मेंदूच्या वाढीचा वेग तपासायला हवा.

हाडं आणि सांधे : चार जागा चुकवायच्या नाहीत

*खुबा.* काही बाळांत मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत नीट बसलेला नसतो. पायाळू बाळं, मुली आणि घरात आधी कुणाला हा त्रास असलेली बाळं यांच्यात हे जास्त आढळतं. ऑर्टोलानी आणि बार्लो या दोन चाचण्या यासाठी आहेत. त्या प्रशिक्षित हातांनी आणि अगदी हलकेच करायच्या असतात, घरी करून बघायच्या नाहीत. शंका असेल तर खुब्याची सोनोग्राफी करतात. लवकर सापडलं तर बहुतेकदा पट्ट्यांच्या आधाराने भागतं. चालायला लागल्यावर लंगडण्यातून सापडलं, तर शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

*पाऊल.* आत वळलेलं पाऊल हलक्या हाताने सरळ होत असेल तर ते गर्भातल्या दाटीमुळे असू शकतं. सरळ होतच नसेल तर तो क्लबफूट असू शकतो. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचे डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांच्या पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल सरळ करतात. साधारण ५ ते ६ प्लास्टर लागतात, पुष्कळदा टाचेच्या शिरेला छोटासा छेद द्यावा लागतो आणि पुढे साधारण ४ वर्षांचं होईपर्यंत झोपताना विशेष बूट घालावे लागतात. पाऊल सरळ दिसतंय म्हणून बूट मध्येच सोडले, तर ते पुन्हा वळू शकतं.

*मान.* बाळ कायम एकाच बाजूला बघतं, एका बाजूचं डोकं चपटं होतंय, मानेत गाठीसारखं लागतंय, तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो. पहिल्या काही आठवड्यांत व्यायाम आणि झोपवण्याची पद्धत सुरू केली, तर फरक लवकर पडतो.

*खांदा.* एक हात आत वळून, कोपर सरळ ठेवून अंगालगत लोंबत असेल तर त्याच आठवड्यात दाखवावं.

मोबाइलवरचा तीन मिनिटांचा व्हिडिओ

या क्षेत्रातला मोठा बदल एका साध्या निरीक्षणातून आला. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात काम केलेले हाइन्झ प्रेख्टल बाळांच्या स्वतःहून होणाऱ्या हालचाली वर्षानुवर्षं बघत होते. जन्माच्या सुमारास बाळं अळोखेपिळोखे दिल्यासारखी हलतात. पुढे साधारण ३ ते ५ महिन्यांच्या वयात त्यांच्या मानेत, खांद्यांत, मनगटांत, पावलांत सतत बारीक, चुळबुळ्या हालचाली दिसतात. या चुळबुळीचं असणं-नसणं फार बोलकं आहे, असं त्यांच्या लक्षात आलं. १९९७ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या १३० बाळांच्या अभ्यासात या चुळबुळीवरून पुढची मज्जासंस्थेची स्थिती सुमारे ९५ टक्के बाळांत बरोबर ओळखता आली.

या तपासणीला बाळाला हातही लावावा लागत नाही. बाळ जागं आणि शांत हवं, पाठीवर, कमी कपड्यांत. तोंडात चोखणी नको, हातात खेळणं नको, कुणी बोलायचं नाही, नाचवायचं नाही. सगळे हातपाय दिसतील असा ३ ते ५ मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा. प्रशिक्षित व्यक्ती तो पाहून निदान करते. तुमच्या फिजिओथेरपिस्टने असा व्हिडिओ मागितला तर तो त्यालाच पाठवा. उघड्या बाळाचा व्हिडिओ स्टेटसला किंवा ग्रुपवर टाकून ‘नॉर्मल आहे का?’ विचारण्यात बाळाचा काहीच फायदा नाही.

दुसरी महत्त्वाची तपासणी लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातली. लिली आणि व्हिक्टर डुबोविट्झ या डॉक्टर दाम्पत्याने नवजात बाळांसाठी तिची सुरुवात केली. २ ते २४ महिन्यांच्या मुलांसाठीच्या आवृत्तीत २६ मुद्दे आणि एकूण ७८ गुण आहेत. २०१७ साली ‘जामा पीडियाट्रिक्स’मध्ये आलेल्या आढाव्यानुसार, ५ महिन्यांच्या आत सेरेब्रल पाल्सी ओळखण्यात हालचालींच्या व्हिडिओची अचूकता सुमारे ९८ टक्के, तर हॅमरस्मिथ तपासणीची सुमारे ९० टक्के आहे. म्हणजे पुढे हा आजार निघालेल्या १०० मुलांपैकी इतकी मुलं आधीच ओळखता आली असती. एमआरआयची जोड दिली तर निष्कर्ष आणखी पक्का होतो.

हे महत्त्वाचं का? कारण सेरेब्रल पाल्सीचं निदान पूर्वी १२ ते २४ महिन्यांच्या वयात व्हायचं. ‘याचे बाबाही उशिराच चालले होते’, ‘मुलगे जरा आळशी असतात’ असं म्हणत घरचे थांबायचे. मेंदू सर्वात वेगाने घडत असतो तो काळ हातातून निघून जायचा.

लवकर जन्मलेल्या बाळाचं वय कसं मोजायचं?

समजा, प्रसूतीची अपेक्षित तारीख १ ऑगस्ट होती आणि बाळ ६ जूनला आलं. म्हणजे ते ८ आठवडे आधी, ३२ आठवड्यांचं असताना जन्मलं. ६ ऑक्टोबरला कॅलेंडरप्रमाणे ते ४ महिन्यांचं होईल. पण वाढ मोजताना त्याला साधारण २ महिन्यांचंच धरायचं. याला दुरुस्त वय म्हणतात आणि पहिली दोन वर्षं ते वापरतात. शेजारच्या ४ महिन्यांच्या बाळाने मान धरली आणि आपल्या बाळाने नाही, या काळजीने रात्रभर जागण्याआधी हे गणित करून बघावं.

लसीकरण मात्र कॅलेंडरच्या वयानुसारच होतं, तिथे आठवडे वजा करायचे नाहीत.

तपासणीत काही वेगळं आढळलं तर?

एका तपासणीवर शिक्का मारत नाहीत. नवजात बाळ रोज बदलतं, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा बघतात. धोका जास्त वाटला, तर नाव ठरायची वाट न बघता काम सुरू करतात. हे काम म्हणजे हातपाय ओढून केलेला व्यायाम नव्हे. बाळाने स्वतःहून हालचाल करावी अशी परिस्थिती तयार करणं, हा त्याचा गाभा आहे. कसं उचलायचं, कोणत्या कुशीवर ठेवायचं, दूध पाजताना डोकं कुठे हवं, खुळखुळा कोणत्या बाजूने दाखवायचा, हे आईला, बाबांना, आजीला शिकवतात. आठवड्यातून एकदा अर्धा तास येणाऱ्या थेरपिस्टपेक्षा दिवसभर बाळाला हाताळणारे हात जास्त परिणाम करतात.

मालिश, दुपटं आणि पालथं झोपवणं

तेल लावून हलक्या हाताने केलेली मालिश बाळाला आवडते आणि तिला हरकत नाही. पायांना धरून उलटं लोंबवणं, खुबे जोरात ताणून सरळ करणं, डोक्याला ‘आकार’ देण्यासाठी दाबणं, नाकाकानात तेल सोडणं हे मात्र थांबवायला हवं. मालिशवाल्या बाईंना किती वर्षांचा अनुभव आहे, यावर खुब्याचा सांधा अवलंबून नसतो.

बाळाला दुपट्यात गुंडाळताना हात आवळले तरी पाय मोकळे, बेडकासारखे दुमडलेले राहू द्या. पाय सरळ करून घट्ट बांधल्याने खुबा सरकण्याचा धोका वाढतो. पुढे मान धरल्यावर आपण बाळाला कडेवर घेतो, तेव्हा मांड्या फाकलेल्या राहतात. खुब्यासाठी ती ठेवण चांगलीच.

झोपवायचं पाठीवर, खेळवायचं पोटावर. जागेपणी, समोर बसून, दिवसातून काही वेळा दोन-तीन मिनिटं पालथं ठेवलं तरी मान आणि खांदे बळकट होतात.

हे दिसलं तर थांबू नका

- दोन बाजूंच्या हालचालीत ठळक फरक
- दुपटं बदलताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर येणं, मांड्या उघडायला जड जाणं
- उचलल्यावर अंग हातातून निसटल्यासारखं लुळं वाटणं
- ४ महिन्यांनंतरही मुठी सतत आवळलेल्या, मान मागे पडणं
- वर्षाच्या आत एकाच हाताचा वापर. ‘डावखुरा आहे’ असं म्हणून सोडून देऊ नये
- ९ महिन्यांनंतरही आधाराशिवाय बसता न येणं

लवकर जन्मलेल्या बाळासाठी इथेही दुरुस्त वयच धरायचं. बाळ निळसर पडलं, श्वास थांबतोय असं वाटलं, झटके आले, एकाएकी दूध ओढणं बंद झालं, तर मात्र फिजिओथेरपिस्टची वेळ घेत बसू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा.

कुठे जायचं? खर्च किती?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमधून झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या या सरकारी योजनेत क्लबफूट, खुब्याचा दोष आणि हालचालींच्या वाढीतला उशीर यांचा समावेश आहे. तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जिल्हा पातळीवर यासाठी ‘डीईआयसी’ म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथल्या चमूत फिजिओथेरपिस्टही असतो. गावात असाल तर आशाताईंना विचारा. रुग्णालयात प्रसूती झालेल्या बाळाकडे त्या पहिल्या ४२ दिवसांत ६ वेळा घरी येतात.

जाताना डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफी-एमआरआयचे रिपोर्ट आणि लसीकरणाचं कार्ड न्या. प्रश्न कागदावर लिहून न्या, कारण बाळ रडायला लागलं की सगळे विसरतात. एक जादा झबलं, दुपटं आणि शक्य असेल तर आजीलाही सोबत घ्या. घरी बाळाला अंघोळ घालणारे आणि मांडीवर घेणारे हात तिचेच असतील, तर थेरपिस्टचं बोलणं तिने स्वतः ऐकलेलं बरं.